डोंबिवली स्टेशनाच्या नावाचा १७ अंकी आकडा

आसनगावला कसारा लोकल पकडणारे शहापूरकर असोत किंवा एसटीनं कल्याण गाठून पुढं लोकलमध्ये शिरणारे मुरबाडकर, मुंबईला जाताना दोघांनाही डोंबिवली लागतंच. या स्टेशनाचं नाव गणितातही आहे, हे मात्र डब्यातल्या फारशा कुणाला ठाऊक नसतं.

तर आकडा असा आहे: १२३४५६७८९८७६५४३२१.

एकपासून नऊपर्यंत चढतो, मग तसाच खाली उतरतो. व्हॉट्सॲपवर असले आकडे 'चमत्कार' म्हणून फिरतात. पण यात चमत्कार वगैरे काही नाही. नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येला तिनंच गुणा, हेच उत्तर येतं.

का येतं? शाळेतला गुणाकार आठवा. १११ गुणिले १११ करताना १११ तीनदा मांडायचे, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. आता उभी बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १ येतो, पुढच्यात दोन, मधल्यात तीन, मग परत दोन आणि एक. उत्तर १२३२१. नऊ एक घेतले की मधल्या घरात नऊ जमतात. दहा घेतले तर तिथं १० होतात, हातचा येतो आणि रांग मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

एक्सेलमध्ये करून बघणाऱ्यांनी गोंधळू नये. एक्सेल १५ अंकांपर्यंतच नेमकं धरतं, त्यामुळे शेवटच्या २१ च्या जागी शून्यं दिसतात. इथं वहीच बरी.

या संख्यांना 'डेमलो' हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५ चा, डहाणूचा, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलाच. कल्पना सुचली ती जीआयपी रेल्वेच्या डेमलो स्टेशनावर. डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. पुढं १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. आसनगाव, खर्डी, कसारा ओलांडून जाणारी हीच लाईन देवळालीला पोचते. पदव्युत्तर पदवी नसल्यानं कित्येकांनी त्यांच्या कामाला 'आकड्यांचा खेळ' म्हणून बाजूला ठेवलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. ६१७४ हा प्रसिद्ध 'कापरेकर स्थिरांक'ही त्यांचाच.

आपल्या १७ अंकी आकड्यात अजून एक गंमत आहे. त्यातल्या सगळ्या अंकांची बेरीज ८१, आणि त्या संख्येला ८१ नं पूर्ण भागही जातो. अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. सगळ्याच डेमलो हर्षद नसतात हं. १२१ ची बेरीज ४, भाग जात नाही.

शहापूरचा पिनकोड ४२१६०१, बेरीज १४. मुरबाडचा ४२१४०१, बेरीज १२. दोन्ही पिनकोड विषम आणि बेरजा सम, त्यामुळे भाग जायचा प्रश्नच नाही. मोबाईल नंबरचं तेवढं ज्यानं त्यानं तपासावं.