केळीच्या माहेरी चार दिवस

जळगावच्या माणसाने समुद्र ओलांडून जावे आणि तेथे केळी खात बसावे, याला कोणी 'काखेत कळसा अन् गावाला वळसा' म्हटले तर माझी हरकत नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही घरची मंडळी चार दिवस इंडोनेशियातील बाली बेटावर गेलो होतो. निघताना माझे रावेरचे मेहुणे म्हणाले, "दाजी, येताना तिकडचा एखादा मुनवा आणजा बरं!" मेहुणे केळीचे बागायतदार आहेत. त्या मुनव्याचीच ही हकिकत.

बाली बेट आपल्या जळगाव जिल्ह्याच्या साधारण निम्म्या आकाराचे आहे. जळगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला २१ अंशांवर, तर बाली दक्षिणेला सुमारे ८ अंशांवर. त्यामुळे मे महिन्यात तेथे दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला दिसला. रात्री मुलांनी ध्रुवतारा खूप शोधला. पण तो क्षितिजाच्या खाली, दिसणार कसा? समुद्रातील खडकावरचे तानाह लोट मंदिर पाहिले. जातिलुविह येथील डोंगरउतारावरची भातखाचरे पाहिली. पाटाचे पाणी सर्वांनी मिळून वाटून घेण्याच्या तेथील जुन्या पद्धतीला 'सुबाक' म्हणतात. २०१२ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

ताटातील ओळखी

सकाळी न्याहारीला 'पिसांग गोरेंग' आले. पिसांग म्हणजे केळे आणि गोरेंग म्हणजे तळलेले. थोडक्यात, केळ्याची भजीच! दुपारी 'गाडो-गाडो', म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची दाट चटणी. शेंगदाण्यावर वाढलेल्या खानदेशी माणसाला आणखी काय हवे?

तिसरा पदार्थ 'तेंपे'. शिजवलेल्या सोयाबीनवर रायझोपस नावाची बुरशी एक-दोन दिवस वाढू देतात. तिचे पांढरे तंतू दाण्यांना बांधून ठेवतात आणि त्यांची वडी तयार होते. पूर्वापार ही वडी केळीच्या पानात गुंडाळतात. बुरशी अशी पोटाला आधारही देते. मात्र दुसऱ्या एका बुरशीची गाठ पुढे पडणार आहे.

दाताखाली खडा!

बाजारात एक बुटके, जाड केळे घेतले. घास घेतला तोच दाताखाली खडा आल्यासारखे झाले! आत काळ्या, टणक बिया होत्या. विक्रेतीबाई हसून म्हणाल्या, "पिसांग बातू." बातू म्हणजे दगड!

मित्रांनो, केळ्याचे मूळ रूप असेच बियांचे. मलेशिया, इंडोनेशियापासून न्यू गिनीपर्यंतचा पट्टा हे रानकेळीचे माहेर. न्यू गिनीत सुमारे ७,००० वर्षांपूर्वी केळीची लागवड होत असल्याचे पुरावे मिळाले आहेत.

मग आपल्या केळ्यात बिया का नाहीत? रानकेळीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात. बी तयार होण्याआधी त्यांची समान वाटणी होते. आपल्या ग्रँड नैन केळीत मात्र तीन संच आहेत. दोन भावांत तीन बैल सारखे वाटता येतील का? वाटणी बिघडते, बी धरत नाही आणि फळ मात्र गराने भरते.

बी नाही, म्हणून मुनवे किंवा कंद लावायचे, नाहीतर प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने रोपे करायची. कसेही केले तरी रोप मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असते. रावेर-यावलपासून शिरपूरपर्यंतच्या बागांत उभी असलेली ग्रँड नैनची झाडे म्हणजे जणू एकाच झाडाची असंख्य जुळी भावंडे. जो रोग एकाला मारील, तो सर्वांना मारू शकेल.

मुनवा का आणला नाही?

हे एकदा घडून गेले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाच्या बाजारात 'ग्रो मिशेल' या केळ्याचे राज्य होते. फ्यूजेरियम बुरशीमुळे होणाऱ्या पनामा मर रोगाने त्याच्या बागा बसवल्या. १९६० च्या सुमारास त्याची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. आपली ग्रँड नैन याच गटातील.

आता त्या बुरशीचा 'टीआर-४' हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. बुरशी मुळांतून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिका बंद करते. जळगावच्या ४३-४४ अंशांच्या उन्हात केळीचे रुंद पान सतत पाणी बाहेर टाकत असते. खालून पुरवठा थांबला तर त्या झाडाचे काय होईल, याची कल्पना करा. हा रोग आग्नेय आशियात पसरला आणि २०१९ साली दक्षिण अमेरिकेतील कोलंबियात आढळला. भारतात बिहार व उत्तर प्रदेशातील बागांतही तो सापडला आहे. त्यावर खात्रीचे औषध नाही. बुरशीचे बीजाणू मातीत कित्येक वर्षे टिकतात. वरून निरोगी दिसणाऱ्या मुनव्यातून, इतकेच काय, बुटाला चिकटलेल्या चिखलातूनही तो प्रवास करतो. म्हणूनच परवान्याशिवाय व तपासणीशिवाय परदेशातून रोपे आणण्यास कायद्याने बंदी आहे.

एका बागेत हिरवागार मुनवा समोर होता. मोह झाला, पण हात मागे घेतला. मुक्कामी आल्यावर सर्वांचे बूट साबणाने घासून धुतले. मेहुण्यांना फक्त छायाचित्र दाखवले आणि कारण सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दाजी, बरं केलं. माझी एकट्याची बाग नाही, पूर्ण शिवार आहे."

करून पाहा : पिकलेले केळे आडवे कापा. मधोमध बारीक काळे ठिपके दिसतील. न धरलेल्या बियांच्या त्या खुणा आहेत. ते ठिपके मोजा, आणि एका झाडाच्या नकलांवर आपला केवढा मुलूख उभा आहे, याचा विचार करा.