संत्र्यावरचा डिंक्या : औषधाआधी पाणी आवरा



संत्र्याचं झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं हे झाड डिंक्या लागला की डोळ्यांदेखत वाळतं. वरूड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंतच्या बागाइतदारांना हे दुखणं नवं नाही. बुंध्यावर डिंक दिसला की आपण दुकानात धावतो, महागडं बुरशीनाशक आणून आळ्यात ओततो. पुढच्या पावसाळ्यात डिंक पुन्हा हजर! असं का होतं, ते आधी समजून घेऊ.

रोग येतो कुठून?

डिंक्या हा फायटोप्थोरा नावाच्या बुरशीमुळे होतो. ही बुरशी जमिनीत राहते. तिचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात आणि ओल्या बुंध्याला व तंतुमुळांना गाठतात. साल कुजते, डिंक वाहतो, पानं पिवळी पडून गळतात. म्हणजे बुंध्याशी साचलेलं पाणी हीच रोगाची वाट. ती वाट मोकळी ठेवून वरून औषध ओतणं म्हणजे भोक पडलेल्या माठात पाणी भरण्यासारखं आहे.

वाट कशी अडवायची?

१. आळं दुहेरी करा. बुंध्याभोवती आतला मातीचा वरंबा घाला आणि पाणी फक्त बाहेरच्या कड्यात द्या. बुंधा कोरडा राहिला पाहिजे.

२. भारी काळ्या जमिनीत झाडांच्या दोन ओळींनंतर उताराच्या दिशेनं फूटभर खोल चर काढा. पावसाचं पाणी बागेबाहेर गेलं पाहिजे.

३. डोळा बांधलेली जागा मातीखाली गेली असेल तर माती बाजूला सारा. ओलं शेणखत, पालापाचोळा बुंध्याला चिकटून ठेवू नका.

४. वखर-कुदळीनं बुंध्याला, मुळांना जखम होऊ देऊ नका. जखम म्हणजे बुरशीला उघडं दार.

५. नवी लागण करताना जंबेरीपेक्षा रंगपूर लिंबाच्या खुंटावरची कलमं घ्या. हा खुंट डिंक्याला जास्त तोंड देतो. डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच बांधलेला असावा.

मित्रबुरशी कामाला लावा

ट्रायकोडर्मा ही हिरवट बुरशी रोगाच्या बुरशीला खाऊन जगते. सावलीत ९० किलो चांगलं कुजलेलं शेणखत, १० किलो निंबोळी पेंड आणि १ किलो ट्रायकोडर्मा एकत्र करा. पाणी शिंपडून ओलसर ठेवा, गोणपाटानं झाका. मधे एकदा ढीग हलवा. पंधरा दिवसांनी दर मोठ्या झाडाला सुमारे १० किलो खत बाहेरच्या कड्यात, मुळांच्या भागात मिसळा. जमिनीत ओल हवी, म्हणून मृगाचा पाऊस झाल्यावर हे काम करा. पुडा घेताना मुदतीची तारीख बघा, उन्हात ठेवू नका. आणि एक लक्षात ठेवा : त्याच आळ्यात बुरशीनाशक ओतलंत तर ही मित्रबुरशीही मरू शकते.

डिंक दिसलाच तर?

धारदार चाकूनं कुजलेली साल निरोगी भाग दिसेपर्यंत खरवडा. खरवडलेली साल बागेत टाकू नका, जाळा. चाकू दर झाडानंतर स्पिरिटनं पुसा. जखमेवर बोर्डो मलम लावा. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात भिजवून मग दोन्ही एकत्र करा. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडी नको. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, सगळ्या झाडांच्या बुंध्यांना दोन-तीन फुटांपर्यंत हे मलम लावावं. मोरचूद हे रसायनच आहे, हे लपवत नाही. पण ते जखमेपुरतं लागतं, आळ्यात सांडू देऊ नका.

खरं तेही सांगतो

कुजलेल्या सालीनं बुंध्याला पुरता वेढा घातला असेल तर ते झाड कशानंही वाचत नाही, ना खतानं, ना महागड्या औषधानं. असं झाड मुळासकट काढा आणि शेजारची झाडं सांभाळा. म्हणूनच तहान लागल्यावर विहीर खणू नका. पावसाळ्यात दर आठवड्याला बागेत फेरी मारा, पण नजर फळांवर नको, बुंध्यावर हवी.

हे पत्रक घरात जपून ठेवा, शेजाऱ्यालाही वाचायला द्या. त्याच्या बागेतलं पाणी वाहत तुमच्याच बागेत येतं!