व्यायामाची भाकरी

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की विदर्भातल्या गावांच्या पहाटा बदलतात. सावंगी (मेघे) इथंही तेच चित्र. वर्ध्याहून देवळीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं अंधारातच पोरं पळायला लागतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, सगळं मिळून ५० गुण. हा हिशेब घरातल्या आजीलाही पाठ असतो. २०२४ च्या भरतीत राज्यात सुमारे १७ हजार जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. म्हणजे शंभर जणांनी अर्ज केला तर वर्दी अंगावर चढली साधारण एकाच्या.

उरलेल्या नव्याण्णव जणांची चर्चा कुठंच होत नाही. दोन-तीन वर्षं रोज घाम गाळून त्यांनी शरीर कमावलेलं असतं आणि व्यायामाची गोडी लागलेली असते. निकाल लागला की घरचे म्हणतात, बस झालं आता, कामाधंद्याचं बघ. मग बूट माळ्यावर जातात. पण त्या गोडीवरच घर चालवता येईल, हे त्यांना कुणी सांगत नाही. खरं तर सावंगीपासून शंभरेक किलोमीटरवर अमरावतीत शंभर वर्षांपूर्वी लोकांनी हेच करून दाखवलं.

अमरावतीत १९१४ साली अंबादास आणि अनंत या वैद्य बंधूंच्या पुढाकारानं एक आखाडा उभा राहिला. त्याचंच पुढं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. आखाडे तेव्हा गावोगाव होते. लाल माती, जोर-बैठका, लाठी, मल्लखांब यांत नवं काही नव्हतं. मंडळाचं वेगळेपण असं, की १९२०च्या दशकात त्यानं उन्हाळी वर्ग सुरू केले आणि त्यांत व्यायाम करणाऱ्यांना व्यायाम शिकवायला शिकवलं. आपल्या गावी परतून शाळेत, आखाड्यात, मैदानावर दुसऱ्यांना तयार करतील अशी माणसं तिथून बाहेर पडू लागली. हुतात्मा राजगुरूही तरुणपणी इथं व्यायामाचे धडे घ्यायला आले होते. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं मल्लखांब, लेझीम, कबड्डी अशा देशी प्रकारांची प्रात्यक्षिकं केली. १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाड या जागतिक व्यायाम महोत्सवातही मंडळ पोचलं. १९६७ मध्ये शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय सुरू झालं. मंडळाची धुरा दीर्घकाळ वाहणारे प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली.

विदर्भातल्या कितीतरी शाळांमधले ‘पीटी सर’ या परंपरेतून आले. शाळेची शिट्टी गळ्यात अडकवलेला हा माणूस मराठी कथा-कादंबऱ्यांत बहुधा हसण्यावारी नेला जातो. पण हौसेला पगार, पेन्शन आणि गावात मान मिळवून देणारा पहिला रस्ता त्यानंच तयार केला, याची नोंद आपण घेतलेली नाही.

हौस आणि धंदा यांच्यामधली पायरी कोणती, हे मल्लखांबाजवळ उभं राहिलं की उमजतं. लाकडी खांबाला एरंडेल चोळलेलं असतं. त्यावर झेप घेणाऱ्या मुलाकडे सगळे पाहतात. शिकवणाऱ्याची नजर मात्र त्या मुलाच्या पकडीवर आणि मांडीवर असते. मूल घसरायच्या आधी त्याचा हात पाठीखाली गेलेला असतो. स्वतःला उत्तम मल्लखांब येणाऱ्याला हा हात येतोच असं नाही. तो वेगळा शिकावा लागतो, आणि पगार त्या हाताचा मिळतो.

मुंबईत शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरातले उदय देशपांडे यांचं सगळं काम याच प्रकारचं आहे. त्यांनी दृष्टिहीन मुलांना दोरीचा मल्लखांब शिकवला आणि परदेशी विद्यार्थी घडवले. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवरच भरली. २०२४ मध्ये देशपांडे यांना पद्मश्री जाहीर झाली.

दुसरा धागा बडोद्याचा, व्यायामाला उपचाराशी जोडणारा. तिथं उस्ताद जुम्मादादांचे शिष्य राजरत्न प्रा. माणिकराव यांच्या आखाड्यात व्यायामाबरोबर हाडं बसवण्याची विद्याही चाले. कुस्तीत खांदा निखळला, घोटा मुरगळला, तर तो बसवणारा आखाड्यातच हवा, ही साधी गरज. याच बडोद्यात द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात मराठी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. एवढं काम त्या काळी मराठीत झालं हे आज वाचतानाही थक्क व्हायला होतं.

माणिकरावांच्या हाताखाली जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण तयार झाला. पुढं अमळनेरला शिक्षणक्षेत्रात काम केलेले हे गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. आसनं आणि प्राणायाम केल्यावर शरीरात नेमकं काय घडतं, हे ते क्ष-किरण आणि रक्तदाबमापक लावून तपासत होते. योग शिकवून पोट भरणारी आजची हजारो माणसं त्या प्रयोगशाळेची ऋणी आहेत. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं, आणि १९३८ मध्ये कांदिवलीला सरकारी शारीरिक शिक्षण संस्था निघाली.

आता सावंगीत परत येऊ. इथं दत्ता मेघे अभिमत विद्यापीठाचा मोठा पसारा आहे: आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय, रवी नायर फिजिओथेरपी महाविद्यालय. गावातल्या मुलांना ही सगळी डॉक्टरांची दुनिया वाटते. ज्याला व्यायामाचं वेड आहे, त्यानं मात्र फिजिओथेरपीकडे निरखून बघायला हवं. बडोद्याच्या आखाड्यातली ती हाडं बसवण्याची गरज आज शास्त्र होऊन इथं उभी आहे.

या शास्त्राचं रूप अगदी साधं दिसतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला शेतकरी खाटेवर पाय लांब करून बसतो. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवतात आणि सांगतात, काका, टॉवेल खाली दाबा, मांडी आवळा, दहा आकडे मोजा, आता सोडा. बघणाऱ्याला वाटतं, यात काय एवढं? पण मांडीचा स्नायू जागा झाला नाही तर तो शेतकरी बांध ओलांडू शकणार नाही. गुडघा किती वाकतो, हे गोनिओमीटर नावाच्या कोनमापकानं मोजून कागदावर लिहितात. पुढच्या आठवड्यात आकडा वाढला नाही तर व्यायाम बदलतात. जिममध्ये वजनं मोजायची सवय लागलेल्या मुलाला ही शिस्त परकी वाटू नये.

फिजिओथेरपीला चार वर्षांचा अभ्यास, त्यापुढं इंटर्नशिप आणि बारावीला जीवशास्त्र, ही किमान तयारी लागते. महाराष्ट्रात भौतिकोपचार (म्हणजे फिजिओथेरपी) आणि व्यवसायोपचार यांच्या परिषदेचा कायदा २००२ चा आहे. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. २०२१ मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी केंद्राचा कायदाही आला. रस्ता लांब आणि खर्चाचा आहे, हे खरं. शारीरिक शिक्षणाचं बीपीएड दोन वर्षांचं आहे, पण त्याआधी पदवी लागते. योगशिक्षकांसाठी आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा आहेत. जिममध्ये काम करायचं तर क्रीडा आणि फिटनेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचे अभ्यासक्रम किंवा मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं चालतात.

जिमचा धंदा सगळ्यांना सोपा वाटतो आणि फसगत सर्वांत जास्त तिथंच होते. भाडं, वीजबिल, यंत्रांचे हप्ते दर महिन्याला येतात. वर्षाची फी मात्र जानेवारीत येते आणि एप्रिल-मेमधल्या वर्ध्याच्या उन्हात हॉल रिकामा पडतो. तळवलकर हे नाव मराठी माणसाला ठाऊक आहे. विष्णू तळवलकर यांनी १९३२ मध्ये व्यायामशाळा काढली, पुढच्या पिढीनं तिची देशभर साखळी केली आणि २०१० मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. २०१९ मध्ये त्याच कंपनीची कर्जफेड थकली. नाव, अनुभव, ग्राहक सगळं असूनही असं होऊ शकतं, तर पहिल्याच वर्षी कर्ज काढून दुमजली जिम टाकणाऱ्यानं शंभरदा विचार करावा. आधी दुसऱ्याच्या जिममध्ये फ्लोअर ट्रेनर म्हणून वर्षभर उभं राहावं. तिथं माणसं कळतात.

आणखी एक धोका डब्यांचा. पगार तुटपुंजा, म्हणून काही ट्रेनर प्रोटीनचे डबे विकून कमिशनवर जगतात. त्यापुढची पायरी स्टेरॉइडच्या सुईची. ज्याच्या शब्दावर पोरं शरीर सोपवतात, त्यानं हे करणं गुन्ह्याइतकंच वाईट आहे.

मागणीची चिंता करायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीनुसार २०२२ मध्ये भारतातली जवळपास निम्मी प्रौढ माणसं आठवड्याला १५० मिनिटांचा किमान व्यायामही करत नव्हती. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासात देशात १० कोटींवर मधुमेही आढळले. व्यायामाची गरज असलेल्या कितीतरी बायका पुरुष ट्रेनरकडे जायला संकोचतात. तालुक्याच्या गावात सकाळी अकराला, घरची कामं आटोपल्यावर भरणारा आणि ताईंनी चालवलेला वर्ग आज कुठं आहे? भरतीसाठी ८०० मीटर पळालेल्या मुलींसाठी ही जागा मोकळी पडली आहे. पाठदुखीनं वाकलेली कापूस वेचणारी बाई, साखर वाढलेले निवृत्त गुरुजी, नडगी दुखत असतानाही भरतीसाठी पळणारा पोरगा, या सगळ्यांना जवळचा आणि जाणता माणूस हवा आहे.

तेव्हा भरतीची यादी लागली आणि नाव आलं नाही, तर बूट माळ्यावर टाकू नका. अमरावतीला जाऊन मंडळाचं मैदान पाहून या. सावंगीच्या महाविद्यालयात प्रवेशाची चौकशी करा. शिक्षणाला पैसे नसतील तर गावातल्या पाच मुलांना रोज सकाळी मोफत शिकवायला लागा आणि कोणाचं काय सुधारलं ते वहीत लिहून ठेवा. आणि कुठल्याही संस्थेची फी भरण्याआधी तिची मान्यता संबंधित परिषदेच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी बघा.