नोंद जागेवरच होती

एका ग्रंथालयाची सूची आम्ही मायएसक्यूएल या डेटाबेसमधून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवली आणि दुसऱ्याच दिवशी ग्रंथपालबाईंचा फोन आला. रोमन लिपीत ‘केतकर’ टाइप केलं तर एकही पुस्तक येत नव्हतं. “नोंदी गेल्या का हो?” त्यांचा आवाज कापरा झाला होता.

नोंदी जागेवरच होत्या. साठवलेल्या आडनावात ‘के’ कॅपिटल होता, बाईंनी स्मॉल टाइप केला होता. आस्की संकेतात कॅपिटल ‘के’ म्हणजे ७५, स्मॉल ‘के’ म्हणजे १०७. वाचणाऱ्याला अक्षर एकच, यंत्राला आकडे दोन. मायएसक्यूएलची नेहमीची कोलेशन, म्हणजे अक्षरं ताडून पाहायची नियमावली, हा भेद मानत नाही. पोस्टग्रेस मानतं. आजवर आपसूक होणारं काम आता आम्हाला सांगून करून घ्यायचं होतं.

मी अक्षरं स्मॉल करणारं लोअर फंक्शन दोन्ही बाजूंना लावलं: साठवलेल्या आडनावालाही आणि टाइप केलेल्या शब्दालाही. पुस्तकं आली, पण रेंगाळत. शोध कसा चालतो ते दाखवणारी एक्स्प्लेन आज्ञा चालवून पाहिली, तर सीक्वेन्शियल स्कॅन! एका आडनावासाठी लाखभर नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जात होत्या. इंडेक्स होता, पण मूळ आडनावांवर बांधलेला. लोअर केलेल्या आडनावांसाठी तो निरुपयोगी. मग लोअर केलेल्या रूपावरच नवा इंडेक्स बांधला आणि उत्तर झटकन आलं.

“सगळी नावं स्मॉलच करून टाकू या ना,” एक सहकारी म्हणाला. मी नको म्हटलं. लेखकाचं नाव पुस्तकावर जसं छापलंय तसंच सूचीत राहायला हवं. आपल्या सोयीसाठी इंडेक्स बदलावा, नाव नाही.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉलची भानगडच नाही, म्हणून मराठी नोंदींबाबत मी निश्चिंत होतो. संध्याकाळी बाईंनी प्रकाशनस्थळ म्हणून ‘कऱ्हाड’ शोधलं, तर निम्मीच पुस्तकं आली. युनिकोडमध्ये ‘ऱ’ एका संकेतानं लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता (खालचं टिंब) अशा दोन संकेतांनीही. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. इथे लोअरचा काही उपयोग नव्हता. पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीपासून मिळणारं नॉर्मलाइझ फंक्शन ही दोन रूपं एक करतं. तेही दोन्ही बाजूंना लावलं, त्यावरही इंडेक्स बांधला.

बाईंनी पुन्हा शोधलं आणि पडद्यावरची यादी कपाटातल्या पुस्तकांशी बोट ठेवून ताडून पाहिली. एकही कमी नव्हतं.