ग्लो प्लगचा अडकलेला कनेक्टर : काढण्याची सुरक्षित पद्धत

दिल्ली, सोनीपत, झज्जर परिसरात जानेवारीत किमान तापमान अनेकदा ५ अंश सेल्सिअसखाली उतरते. अशा थंडीत लहान ट्रॅक्टरांच्या काही डिझेल इंजिनांमध्ये ज्वलनकक्ष तापवण्याचे काम ग्लो प्लग करतो. धूळ, ओलावा व उष्णतेमुळे त्याचा कनेक्टर घट्ट बसतो किंवा ठिसूळ होऊन तुटतो.

प्रथम इंजिन थंड होऊ द्यावे व बॅटरीची ऋण तार सोडवावी. भोवतालची धूळ हवेने उडवावी. कनेक्टरच्या मुळाशी गंज सैल करणारे तेल सोडून १५ मिनिटे थांबावे. नंतर गोल कनेक्टर किंचित फिरवत प्लगच्या सरळ रेषेत ओढावा. तार ओढू नये. कवच तुटल्यास राहिलेले तुकडे नोज प्लायरने एकेक काढावेत. मधल्या खुंटीवर आडवा जोर पडून ती मोडली, तर प्लगच बदलावा लागतो. आणि प्लग काढताना तुटला, तर सिलिंडर हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते. म्हणून येथे घाई महागात पडते.

नवा कनेक्टर बसवण्यापूर्वी खुंटी व इंजिनचा धातू यांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. १२ व्होल्टच्या चांगल्या प्लगचा रोध साधारणतः ०.५ ते २ ओहम असतो. तो अनंत आल्यास प्लग निकामी समजावा. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा कधीही मारू नये. स्फोटाचा धोका असतो.