चौथाईचा हिशेब

चौथ म्हणजे परमुलखाच्या ठरीव आकारणीचा चौथा हिस्सा. मुलखाचा मूळ धनी गादीवर तसाच राही. चौथ पोचली की मराठी फौजेची लूट टळे. रामनगरचा कोळी राजा दमणच्या पोर्तुगीजांकडून असा हिस्सा आधीपासून घेत होता. शिवाजी महाराजांनी १६७२ मध्ये रामनगर घेतले आणि तो हक्क आपला म्हणून सांगितला. त्याआधी, १६७० मध्ये, वऱ्हाडात कारंज्याच्या स्वारीत गावोगावच्या अंमलदारांकडून चौथाईची कबुली लिहून घेतलेली होतीच. सरदेशमुखी वेगळी. ती दहा टक्के आणि वतनी हक्काची. या दोन्ही बाबींची दख्खनच्या सहा सुभ्यांपुरती बादशाही सनद बाळाजी विश्वनाथाने १७१९ मध्ये दिल्लीहून आणली. चौथाईच्या बदल्यात पंधरा हजार स्वार बादशहाच्या चाकरीला ठेवायचे होते.

खरी गंमत वाटणीत आहे. आकारणी शंभर रुपये धरली, तर चौथ पंचवीस. त्यातला चौथा भाग, म्हणजे सव्वासहा रुपये, बाबती म्हणून छत्रपतींचा. सहोत्रा दीड रुपया, तो पंत सचिवांकडे. नाडगौडा बारा आणे, तो छत्रपतींच्या मर्जीतल्या माणसाला. उरलेले साडेसोळा रुपये मोकासा म्हणून सरदारांना, फौजेच्या खर्चासाठी. शिवाय एकाच परगण्यातला मोकासा एकाचा, बाबती दुसऱ्याची, सरदेशमुखीचा गुमास्ता तिसराच. एका सरदाराच्या हाती सगळा मुलूख जाऊ नये, ही सोय त्यात होती. आणि हे गुंते सोडवू शकणाऱ्या ब्राह्मण कारकुनाचे महत्त्वही त्यानेच वाढवले. आकारणी धरायची ती जुनी, भरभराटीच्या काळातली. उजाड झालेल्या गावांतून तेवढा वसूल होणे अशक्यच, म्हणून बाकी कधी फिटत नसे. ती फिटू नये हेच धोरण असावे. निजामाकडे थकलेली चौथाई हे १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईचे एक मोठे कारण ठरले.

न्यायमूर्ती रानड्यांना चौथाईत वेलस्लीच्या तैनाती फौजेचे पूर्वरूप दिसले. जदुनाथ सरकारांनी ते मानले नाही. त्यांच्या मते चौथ देणाऱ्याला मराठ्यांपासून सुटका मिळे, तिसऱ्या शत्रूपासून संरक्षण नव्हे. महाराष्ट्राबाहेरचे व्यवहार पाहिले तर सरकारांचे म्हणणे अधिक पटते. बंगालच्या अलीवर्दीखानाने १७५१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांना वर्षाला बारा लाख कबूल केले, ते त्यांच्याच स्वाऱ्या थांबाव्यात म्हणून.

चौथाईची परिणती एकाच जागी पाहायची तर नर्मदाकाठचे गढा-मंडला हे गोंड राज्य पाहावे. जबलपूरच्या सराफ्यातले कमानिया गेट पाहून नवख्याला तो मराठ्यांचा वेशीचा दरवाजा वाटू शकतो; पण ती कमान १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण आहे. मराठ्यांची या मुलखातली खूण दगडात शोधण्यापेक्षा वसुलात शोधावी. १७४२ मध्ये नानासाहेब पेशवे मंडल्यावर चालून आले. गोंड राजा महाराजशाह लढाईत पडला. त्याचा मुलगा शिवराजशाह याला गादी मिळाली ती वर्षाला चार लाख रुपये चौथाईच्या अटीवर. स्वाऱ्यांनी पिचलेल्या राज्याला हा आकडा जड होता, त्यात नागपूरकरांनीही दक्षिणेकडचे परगणे तोडून घेतले. चाळीस वर्षेही झाली नाहीत तोच, १७८१ मध्ये, सागरच्या मराठ्यांनी राज्यच खालसा केले. शेवटचा राजा नरहरशाह खुरईच्या किल्ल्यात कैदेत मेला. चौथा हिस्सा मागणारे आता सगळ्या वसुलाचे धनी झाले, आणि त्याबरोबर इथली चौथाई आपोआपच संपली.

१७९८ मध्ये पेशव्यांनी हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांना दिला. डिसेंबर १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले. मधल्या काळात, १८०२ च्या वसई तहाने, निजाम आणि गायकवाड यांच्याकडच्या येण्यांचा निवाडा इंग्रजांवर सोपवणे पेशव्याने मान्य केले होते. स्वारी करून बाकी वसूल करण्याचा मार्ग तिथेच बंद झाला.