धावता बांबू आणि शेजाऱ्याची हद्द

आपल्याकडे बांबू लावणाऱ्याला सरकारी अनुदान मिळतं. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याच्या फेअरफॅक्स काउंटीत मात्र अंगणातल्या बांबूपायी घरमालकाला नोटीस येऊ शकते. वॉशिंग्टन शहराजवळच्या या काउंटीत भारतीयांची वस्ती मोठी आहे, त्यांत मराठी कुटुंबंही आहेत. नवं घर बघायला गेलं की मागच्या कुंपणाशी उभी हिरवी भिंत पाहून माणूस हरखतो. शेजाऱ्यांची नजर अडवायला इतकं स्वस्त साधन दुसरं नाही, म्हणून तर ती कुणीतरी लावलेली असते. घर ताब्यात आल्यावर मग सुरू होतात ऐकीव गोष्टी.

पहिली म्हणजे, ‘इथे बांबूवर बंदी आहे.’ तशी सरसकट बंदी नाही. व्हर्जिनियाने 2017 मध्ये कायदा करून स्थानिक संस्थांना धावत्या, म्हणजे जमिनीखालून पसरत जाणाऱ्या बांबूविषयी नियम करण्याची मुभा दिली. त्या आधारे फेअरफॅक्सने 2022 मध्ये नियम मंजूर केला आणि 1 जानेवारी 2023 पासून तो लागू झाला. नियमाचं म्हणणं थोडक्यात इतकंच, की तुमचा बांबू शेजाऱ्याच्या जागेत किंवा सार्वजनिक रस्त्याच्या हद्दीत शिरता कामा नये. आपल्या आवारात आवरून ठेवलात तर उपटून टाकायची सक्ती नाही. राज्य बदललं की नियमाचा रोखही बदलतो. न्यूयॉर्कने गोल्डन आणि यलो ग्रूव्ह या दोन जातींची विक्री, खरेदी आणि वाहतूकच बंद केली आहे. कनेक्टिकटमध्ये शेजारच्या हद्दीपासून 40 फुटांच्या आत धावता बांबू लावायचा तर जमिनीत अडसर घालावा लागतो किंवा तो मातीला न टेकणाऱ्या कुंडीत लावावा लागतो. विकणाऱ्यालाही, हे रोप पसरतं असं गिऱ्हाइकाला लेखी कळवावं लागतं. तेव्हा न्यू जर्सीतल्या मावसभावाचा सल्ला व्हर्जिनियात चालेल असं धरू नका. न्यू जर्सीत तर गावागणिक नियम वेगळा.

आपल्या माणसांची खरी फसगत होते ती दुसऱ्या समजुतीने: ‘गावी आमच्या परड्यात बांबू आहे, तो कधी कुणाच्या जागेत गेला नाही.’ खरंच गेला नसेल. कोकणातली मेस, विदर्भातला मानवेल, काटेरी कळक हे सगळे बेट करून वाढणारे बांबू. त्यांचं जमिनीतलं खोड आखूड आणि जाड असतं, नवा कोंब जुन्याच्या पायाशीच फुटतो. बेट रुंदावतं, पण सावकाश आणि डोळ्यांदेखत. अमेरिकेत उच्छाद मांडणारे बांबू मुख्यतः फिलोस्टॅकिस प्रजातीतले, मूळचे चीनचे. गोल्डन बांबू तर 1882 सालीच अलाबामात पोचला होता. यांचं जमिनीतलं खोड लांब आणि सडपातळ असतं. ते मातीच्या वरच्या फूटभर थरातून आडवं धावतं आणि पेरापेरातून कोंब काढतं. जागा मानवली तर एका वर्षात पंधरा फूट पुढे जातं. वसंतात कोंब वर आला, की दोनेक महिन्यांत त्याची पूर्ण उंची झालेली असते. ओळखायची खूणही सोपी आहे. फांद्या फुटतात त्या पेराच्या वर खोडाला पन्हळीसारखी खाच दिसते आणि पेराला बहुधा दोन-दोन फांद्या असतात.

ही चाल एकदा ध्यानात आली की नियमांतली भाषा विक्षिप्त वाटत नाही. कायद्याला वरच्या झाडाशी फारसं कर्तव्य नाही, जमिनीखालच्या हद्दीशी आहे. आपल्याकडचा जुना कायदा बरोबर उलटा होता. 1927 च्या वन कायद्यात बांबूची गणती झाडात होत असे. त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडून न्यायचा तरी परवान्यांची कटकट असायची. 2017 मध्ये व्याख्येतून बांबू वगळला तेव्हा ती सुटली. म्हणजे एकाच वर्षी भारताने खासगी जमिनीतल्या बांबूला मोकळं केलं आणि व्हर्जिनियाने त्याला वेसण घालायची सोय केली.

‘मी लावलाच नाही, आधीच्या मालकाने लावला.’ फेअरफॅक्समध्ये या सबबीचा उपयोग नाही. जमीन आज ज्याची, जबाबदारी त्याची. कनेक्टिकटचा कायदा मात्र लावणाऱ्याला किंवा आपल्या जागेत लावू देणाऱ्याला नुकसानीसाठी धरतो.

बांबू शेजाऱ्याकडून तुमच्याकडे आला असेल तर? काही जण हात बांधून बसतात, काही जण औषध फवारून मोकळे होतात. दोन्ही चूक. हद्दीच्या आत आलेली मुळं-फांद्या कापण्याचा हक्क व्हर्जिनियातल्या न्यायालयांनी फार पूर्वीपासून मानला आहे. फेअरफॅक्समधल्याच एका स्वीट गम झाडाच्या खटल्यात व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. शेजारच्या झाडामुळे प्रत्यक्ष नुकसान होत असेल किंवा तसा धोका तोंडाशी आला असेल, तर दाद मागता येते असं ठरवलं. तणनाशकाची गोष्ट वेगळी. खोड जमिनीखाली जोडलेलं असतं, त्यामुळे तुमच्याकडे मारलेलं औषध कुंपणापलीकडच्या बांबूपर्यंत पोचू शकतं, आणि मग तक्रारदार शेजारी होतो.

‘कापला की संपला’ यावर विश्वास ठेवणारे दर एप्रिलमध्ये पस्तावतात. जमिनीतल्या खोडात साठा असतो, तो संपेपर्यंत कोंब येतच राहतात. दरवेळी कापत राहिलं तर काही वर्षांत दम तुटतो. खणून काढणं जलद पण कष्टाचं, आणि उरलेला एखादा तुकडाही नव्याने फुटतो. हद्दीवर अडसर म्हणून जाड एचडीपीई प्लास्टिकचा पत्रा साधारण अडीच फूट खोल पुरतात आणि दोन इंच मातीच्या वर ठेवतात. मुळात तो खोडाला थांबवत नाही, वर वळवतो. वर आलेलं टोक वर्षातून एकदा-दोनदा फिरून छाटणं तुमचं काम. तेवढा आळस केला की पत्र्यावरून उडी मारून बांबू पलीकडे. कोवळे कोंब मात्र लाथेनेही मोडतात. औषध न मारलेले असतील तर सोलून, उकडून वास्त्यांची भाजी होते. नियमाला त्याची हरकत नाही.

दंड किरकोळ म्हणून दुर्लक्ष करणारेही भेटतात. फेअरफॅक्समध्ये पहिल्या उल्लंघनाला 50 डॉलर, बारा महिन्यांच्या आत पुन्हा झालं तर 200, आणि वर्षभरात जास्तीत जास्त 3,000. पण राज्याच्या कायद्याने स्थानिक संस्थेला स्वतःची माणसं लावून बांबू काढण्याचा आणि तो खर्च मालकाकडून वसूल करण्याचाही अधिकार दिला आहे. खणायला यंत्र आणावं लागलं, तर दंडाचा आकडा त्या बिलापुढे लहानच दिसेल. बहुतेक प्रकरणं शेजाऱ्याच्या तक्रारीवरून उघडतात, म्हणून एप्रिलचे पहिले कोंब दिसले की हद्दीवरून दोघांनी मिळून एक फेरी मारावी आणि पत्र्याच्या खर्चाचं तेव्हाच ठरवून टाकावं.